सांगून हात सोडायचा

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. आम्हा नाशिककरांना हा आकडा शाळेपासून पाठ असतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडातल्या लेक लुईस या बर्फावर घसरायच्या डोंगरी ठिकाणी स्नोबोर्ड, म्हणजे बर्फावरून घसरायची फळी, शिकवायच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी नकाशावर पायथ्याची उंची वाचली: १६४६ मीटर. आपलं सगळ्यात उंच शिखर जिथे संपतं, तिथे इथली तिकीटखिडकी. डोंगर त्याच्या वर, पार २६३७ मीटरपर्यंत. बारी गावातून शिड्या चढून मी कितीतरी वेळा कळसूबाईला गेले आहे. त्या नकाशाकडे बघत बराच वेळ उभी राहिले. घरची आठवण आली, आणि का कोण जाणे, धीरही आला.

नोकरी कशी मिळाली हे बरेच जण विचारतात, म्हणून आधी ते सांगून टाकते. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, जपानची पोरं वर्किंग हॉलिडे व्हिसा घेऊन एका हिवाळ्यापुरती इथे येतात. भारताचा कॅनडाशी तसा करार नाही, त्यामुळे आपल्या पासपोर्टवर तो रस्ता बंद आहे. मी कॅलगरीत दोन वर्षं शिकले आणि त्यानंतरच्या वर्क परमिटवर हे काम धरलं. स्नोबोर्डही कॅलगरीतच शिकले. १९८८ चं हिवाळी ऑलिंपिक या शहरात झालं होतं, त्यातली एक टेकडी शहराच्या कडेलाच आहे आणि संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात चालू असते. कॉलेज सुटलं की बस पकडून तिथे जायचे.

शिकवायचं तर कॅनडाच्या स्नोबोर्ड प्रशिक्षकांच्या संघटनेची, म्हणजे कॅसीची पहिली पातळी पास व्हावी लागते. तीन दिवसांचा कोर्स. त्यात तुम्हाला बोर्ड किती चांगला येतो हे बघतातच, पण खरी परीक्षा शिकवण्याची. एकमेकांनाच विद्यार्थी करून वर्ग घ्यायचा. माझा पहिला वर्ग संपल्यावर परीक्षक म्हणाले, तू चार मिनिटं बोललीस, तेवढ्यात यांचे पाय गार पडले. तेव्हापासून मी एक नेम धरला: एक वाक्य सांगायचं, एकदा करून दाखवायचं, आणि लगेच करायला लावायचं.

पगाराचंही सांगते. तेव्हा अल्बर्टात, म्हणजे इथल्या प्रांतात, किमान वेतन तासाला १५ डॉलर होतं. आईनं फोनवर लगेच साठनं गुणलं आणि खूश झाली. पण या धंद्यात बहुतेक ठिकाणी वर्ग असेल त्या तासांचाच हिशेब धरतात, आणि भाडं, किराणा डोंगरातल्या भावानं. पैसे साठवायला कुणी हे काम करत नाही. हंगामभर डोंगर फुकट मिळतो, ती खरी कमाई.

आता मुख्य गोष्ट. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात. फळीला दोन कडा, एक टाचेकडची आणि एक चवड्याकडची. नवखा माणूस सगळ्यात आधी टाचेच्या कडेवर उभं राहायला शिकतो. तोंड उताराकडे, गुडघे वाकलेले, जणू खुर्चीवर टेकणार आहे. टाचा दाबल्या की बोर्ड थांबतो, थोड्या सैल केल्या की सरळ खाली घसरतो. मग नजर डावीकडे नेली की बोर्ड डावीकडे तरंगत जातो, उजवीकडे नेली की उजवीकडे. झाडाचं पान हेलकावे घेत खाली येतं तसं, म्हणून या कसरतीला नावही गळणारं पानच आहे. ज्याला हे पान जमलं त्याला बाकीचं जमतं. घाई फक्त मोठी माणसं करतात, मुलं नाही.

हे शिकवताना मी माझा बोर्ड काढून ठेवायचे, विद्यार्थ्याच्या पुढे, उताराच्या बाजूला, त्याच्याकडे तोंड करून उभी राहायचे, त्याचे दोन्ही हात हातात घ्यायचे आणि उलट पावली खाली चालत जायचे. हातमोजांच्या दोन थरांतूनही सगळं कळतं. माणूस घाबरला की आधी अंगठा आवळतो. श्वास धरला की मनगट ताठ होतं. आणि बोर्ड आपल्या ताब्यात आला असं त्याला वाटायला लागलं की पकड आपोआप सैल होते, आधी करंगळीकडून. मी वाट बघायचे ती या क्षणाची. पकड सैल झाली, म्हणजे हात सोडायची वेळ झाली, असं माझं गणित.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते गणित चुकलं. चूक माझी होती. पंचविशीतली एक मुलगी फार छान घसरत होती. तिची पकड सैल झाली, मी हात सोडले आणि दुसऱ्याकडे वळले. दोन सेकंदांनी तिनं माझे हात शोधले, ते नव्हते. दचकून ती सरळ उभी राहिली, गुडघे ताठ झाले, बोर्ड सपाट पडला आणि चवड्याची कड बर्फात रुतली. ती तोंडावर पडली, दोन्ही तळवे पुढे टेकून. स्नोबोर्डवर नवख्यांना सगळ्यात जास्त इजा होते ती मनगटालाच. म्हणून आम्ही पहिल्या दहा मिनिटांत पडायलाच शिकवतो: मुठी बंद, कोपरापुढचा हात टेकायचा, तळवा नाही. तिलाही शिकवलं होतं. पण आपण पडणार आहोत याची कल्पनाच नसलेला माणूस हात पुढे टाकतोच, तिथे शिकवलेलं उपयोगी पडत नाही. स्की पट्रोलच्या, म्हणजे डोंगरावरच्या बचाव पथकाच्या, माणसांनी मनगट बांधून दिलं. हाड मोडलं नव्हतं, पण तिची सुट्टी तिथेच संपली.

संध्याकाळी आमच्या सुपरवायझरनं मला बोलावलं. क्युबेकची बाई, वीस हिवाळे याच कामात गेलेली. रागावली नाही. एकच प्रश्न विचारला: "तू हात सोडणार आहेस हे तिला माहीत होतं का?"

त्या रात्री झोप लागली नाही. सारखी आमच्या मामांची विहीर डोळ्यांपुढे येत होती. निफाडजवळच्या मळ्यात, मे महिन्यात, पाठीला डबा बांधून थोरल्या मामांनी मला पोहायला शिकवलं. चौथ्या दिवशी डबा काढून काठावर उभी होते, आणि धाकट्या मामानं मागून ढकललं. मी वर आले, हातपाय मारले, तरंगले. घरात आजही ही गोष्ट कौतुकानं सांगतात: "ढकललं म्हणून शिकली!" मला पोहता येतं हे खरं. पण पाण्याच्या काठावर मी आजही कुणाकडे पाठ करून उभी राहत नाही, हेही तितकंच खरं. मामाचा जीव होता माझ्यावर, अजूनही आहे. तरी मला वाटतं, त्यानं "आता ढकलतो हां" एवढं म्हणायला हवं होतं. आपल्याकडे पोहणं, सायकल, स्कूटर, सगळंच असं बेसावध गाठून शिकवतात. कला येते, पण तिच्यासोबत एक भीतीही कायमची अंगात शिरते आणि तिचा हिशेब कुणी ठेवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सांगून हात सोडायला लागले. मग पुढे एक बदल केला: आकडे मी मोजायचे नाहीत, विद्यार्थ्यानं मोजायचे. तो ज्या भाषेत मोजेल त्या भाषेत. एक, दोन, तीन. तीन म्हटलं की सोडणार, त्याआधी नाही. कोरियन, पोर्तुगीज, पंजाबी, कितीतरी भाषांतले पहिले तीन आकडे त्या हिवाळ्यात कानावरून गेले.

हिवाळा तसा कंजूष निघाला. एल निनोचं वर्ष होतं, पश्चिम कॅनडात बर्फ कमी पडला. सुरुवातीला बऱ्याच उतारांवर यंत्रानं फवारलेल्या बर्फावर भागवावं लागलं. मराठीत आपण फ्रीजमधल्याला आणि आभाळातून पडणाऱ्याला बर्फच म्हणतो, पण पायाखाली त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक. यंत्राचा बर्फ दाट आणि टणक, त्यावर पडलं की हाडाला कळतं. ताजा पडलेला भुसभुशीत, चाळणीतून पडणाऱ्या पिठासारखा. ज्या रात्री भरपूर पडायचा, त्याच्या दुसऱ्या सकाळी वरच्या कड्यांवरून धाड धाड आवाज यायचे. साठलेला बर्फ लोकांच्या अंगावर कोसळू नये म्हणून पट्रोलवाले पहाटेच सुरुंग लावून तो आधीच पाडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लक्ष्मीपूजनाचे सुतळी बॉम्बच आठवले.

आणि मग जानेवारीतली थंडी. ११ तारखेपासून पारा जो घसरला तो उणे चाळीसच्या आसपास जाऊन बसला. उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात हे पुस्तकात वाचलं होतं, आता अंगानं वाचलं. नाकातले केस श्वासागणिक चिकटतात. पापण्या एकमेकींना धरून ठेवतात. पायाखालचा बर्फ थर्माकोल घासल्यासारखा करकरतो. एवढ्या थंडीत बर्फावरून बोर्ड घसरतच नाही, वाळूवरून पाट ओढल्यासारखा अडखळतो. १३ तारखेला संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले: अल्बर्टा सरकारचा इशारा, वीज कमी पडते आहे, नको ते दिवे आणि उपकरणं ताबडतोब बंद करा. आम्ही चौघी एकाच खोलीत, एका दिव्यात बसलो.

अशा दिवसांत जे थोडे वर्ग व्हायचे त्यांत शिकवणं कमी आणि गाल तपासणं जास्त. दर दहा मिनिटांनी एकमेकांची तोंडं बघायची. गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरा मेणासारखा ठिपका दिसला की कातडी गोठायला लागली. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. हातमोजा काढून उबदार तळवा नुसता ठेवायचा आणि माणसाला आत न्यायचं. एका सहा वर्षांच्या मुलीच्या गालावर रुपयाएवढा ठिपका होता. मी तळवा ठेवला, आणि ती शांतपणे माझ्याकडे बघत राहिली. हळूहळू पांढऱ्याचा गुलाबी होताना मी तो डाग पाहिला. त्या हंगामात माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम असेल.

विजेच्या त्या इशाऱ्यानंतर दोन दिवसांनी संक्रांत होती. आईनं दिवाळीतच पार्सलमध्ये तीळ आणि चिक्कीचा गूळ पाठवून ठेवला होता. इकडे रात्रीचे आठ म्हणजे नाशिकला सकाळचे साडेआठ. आई स्वयंपाकघरातून फोनवर पाक कसा ओळखायचा ते सांगत होती आणि मी सामाईक स्वयंपाकघरात लाडू वळत होते. सकाळी लॉकर रूममध्ये सगळ्यांना वाटले. लाडू जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला तर खाता येतो, बाहेरच्या खिशात ठेवला तर त्याचा दगड होतो.

फेब्रुवारीत इथे फॅमिली डेची सुट्टी असते. त्या शनिवारी वर्गाच्या यादीत एक आडनाव वाचलं आणि मी दोनदा बघितलं. नऊ वर्षांचा मुलगा, एडमंटनहून आलेला. आई जाळीपलीकडे उभी. तो जरा घसरला की तिकडून हाक: "सांभाळून रे बाळा! हळू! पडशील!" प्रत्येक हाकेला तो आईकडे बघायचा, आणि स्नोबोर्डवर नजर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो. पोर सारखं जाळीवर जाऊन थडकत होतं.

मी तिच्याकडे गेले. "नमस्कार ताई. मी नाशिकची."

"अगं बाई! मराठी?" तिनं माझा हातच धरला. "मी सांगलीची. बघ ना गं, तो पडतोय सारखा."

"पडेलच ताई. पण पडायचं कसं ते त्याला येतंय, मी बघितलंय. तुम्ही अर्धा तास आत जाऊन चहा घ्या. साडेअकराला या, मग तोच तुम्हाला करून दाखवेल."

"तुझ्या भरवशावर सोडते हां," म्हणाली, आणि तीनदा मागे वळून बघत आत गेली.

घरी मराठी ऐकतो पण उत्तर इंग्रजीत देतो, असा तो मुलगा. मी म्हटलं, मराठीत मोज. त्यानं इथल्या हेलात "एक, दोन, टीन" म्हटलं, मी हात सोडले, आणि तो पानासारखा डावीकडे, उजवीकडे हेलकावत थेट खाली गेला. साडेअकराला आईसमोर चार वेळा. ती काही बोलली नाही, ओढणीनं डोळे पुसत राहिली.

जाताना मात्र बाजूला येऊन हळूच विचारलं, "मला येईल का गं? बेचाळीस पूर्ण झालीत."

रविवारी सकाळी ती भाड्याचे बूट घालून हजर. पडायला शिकली, न हसता, मन लावून, मुठी घट्ट मिटून. मग चालत्या पट्ट्यावरून आम्ही वर गेलो. मी तिचे दोन्ही हात धरले. अंगठे आवळलेले, मनगटं ताठ. पहिल्या फेरीत तसेच राहिले. दुसऱ्या फेरीतही. पलीकडच्या डोंगरांवर ऊन आलं होतं, ती मात्र माझ्या जॅकेटच्या चेनकडे बघत होती. चौथ्या फेरीला करंगळ्या सैल झाल्या.

"ताई, आता तुम्ही मोजा. तीन म्हणेपर्यंत मी सोडत नाही."

"एक," ती म्हणाली. मग "दोन." आणि तिथेच थांबली.

मी थांबले. पट्टा करकरत होता. खाली तिचा मुलगा उभा होता, बोर्ड काखेत धरून, आणि त्यानं एकही हाक मारली नाही.

"तीन."