बर्फ नसलेल्या हिवाळ्यातली मोजणी

२०२४चा फेब्रुवारी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात या महिन्यात गुडघाभर बर्फ हवा, पण त्या वर्षी शेतं तपकिरी आणि रस्त्याकडेला नुसता चिखल होता. स्नोमोबाइलचे, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या मोटारगाड्यांचे, ट्रेल जवळपास सगळीकडे बंद. मोटेलं रिकामी, पंपवाल्यांची तोंडं उतरलेली. आमच्या नकाशाच्या कंपनीला मात्र त्यामुळेच काम मिळालं. ईगल रिव्हरच्या पुढच्या एका खेड्यातल्या स्नोमोबाइल क्लबला आपले ट्रेल मोजून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नकाशावर बसवून हवे होते. एरवी हिवाळ्यात त्या मंडळींना बोलायलाही सवड नसते.

मी मूळचा सांगलीकडचा. शेताच्या हद्दी मोजण्याचं काम आधी तिकडे केलं, मग इकडे. त्यामुळे मोजणीला गेलं की आधी भांडण बघायचं आणि मग जमीन, अशी सवय हाडात मुरलेली.

क्लबघर म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. अर्ध्या शेडमध्ये ग्रूमर उभा: चाकांच्या जागी पट्टे बसवलेला ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे जोडायचा भलामोठा लोखंडी ड्रॅग. ड्रॅगची पाती ट्रेलवरचे उंचवटे कापतात, मागचा सपाट पत्रा तो भुगा दाबत जातो. हे काम रात्री करायचं, कारण दाबलेला बर्फ कडक व्हायला कडाक्याची थंडी आणि काही तास शांतता लागते. दिवसा केलं तर पाठोपाठ गाड्या येतात आणि सगळं मुसळ केरात. ग्रूमर चालवणारा गृहस्थ हे सांगताना पात्यांवरचा गंज नखाने खरवडत होता. त्या हंगामात ती पाती बर्फाला लागलीच नव्हती.

टेबलाशी क्लबच्या अध्यक्षबाई होत्या, आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या, आणि शेजारी ऐंशी ओलांडलेले एक आजोबा. क्लब स्थापन करणाऱ्यांपैकी हयात असलेले ते शेवटचे. मी विचारलं ट्रेलबद्दल, आजोबांनी सुरुवात केली १९२४पासून. याच काउंटीतल्या सेनर गावात कार्ल एलियासन नावाचा दुकानदार होता. पायाने अधू, शिकारीला जाणाऱ्या मित्रांबरोबर बर्फात चालणं जमेना, म्हणून त्याने बोटीचं छोटं इंजिन, सायकलचे सुटे भाग आणि जुन्या फोर्ड गाडीचा रेडिएटर जोडून एक मोटारीची घसरगाडी बनवली. १९२७ साली पेटंटही घेतलं. तिकडे क्विबेकमध्ये बोम्बार्डिये यांची स्की-डू १९५९ साली आली आणि मिनेसोटात पोलारिसवाले त्याच सुमारास कामाला लागलेले. ईगल रिव्हरची मोठी शर्यत १९६४ साली सुरू झाली. १९७०च्या आसपास शंभराहून जास्त कंपन्या या गाड्या बनवत होत्या आणि उत्तर अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या घरात विक्री होती. मग तेलाचा भडका उडाला, हिवाळे कोरडे गेले, आणि कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

“हे सगळे सांगतात,” आजोबा म्हणाले, “पण क्लब कशामुळे झाला ते कोणी सांगत नाही. क्लब झाला शेतकऱ्यांच्या शिव्यांमुळे.”

सुरुवातीला ट्रेल नव्हतेच. जिथे बर्फ तिथे रस्ता. पोरं रात्री-बेरात्री कुणाच्याही रानात घुसायची, कुंपणाच्या तारा कापायची. नुकत्या लावलेल्या पाइनच्या रोपांचे शेंडे बर्फाच्या जेमतेम वर असतात, ते मोडायचे. एकाच ठिकाणी बर्फ दाबला गेला की त्याची पपडी होते आणि खालचं अल्फाल्फाचं, म्हणजे लसूणघासाचं, पीक मरतं. शेतकऱ्यांनी पाट्या लावल्या, गाव दोन तटांत विभागलं. तेव्हा गाडीवाल्यांपैकीच काहीजण दारोदार गेले: एक कडेची वाट द्या, आम्ही खुणा लावू, कुंपण आम्ही दुरुस्त करू, बाकी रान तुमचं. अध्यक्षबाईंनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत त्या परवानग्या होत्या. कुणी पशुखाद्याच्या दुकानाच्या पावतीमागे लिहिलेली, कुणी चर्चच्या पत्रकावर. एकावर पेन्सिलीने दोनच ओळी: ‘फाटक लावून घ्या. गाय व्यायची असेल त्या आठवड्यात येऊ नका.’

आपल्याकडे पाणंद अडवली की माणूस मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५चा अर्ज घेऊन तहसीलदाराकडे जातो. वहिवाट हा हक्क असतो. इथे गंमत उलटी. विस्कॉन्सिनातही वीस वर्षं कुणाला न विचारता वहिवाट केली तर हक्क लागू शकतो, पण क्लबला तो नकोच असतो. हक्क लागेल अशी भीती वाटली तर दुसऱ्या दिवशी एकही शेतकरी वाट देणार नाही. म्हणून परवानगीच मागायची आणि ती परवानगीच आहे हे कागदावर लिहायचं. मालकाला धास्ती असते ती अपघाताची. त्यावर राज्याचा कायदा आहे: करमणुकीसाठी रान वापरू दिलं आणि त्यातून वर्षाला दोन हजार डॉलरपेक्षा जास्त कमाई केली नाही, तर कुणी पडला-झडला तरी सहसा मालकावर जबाबदारी येत नाही. म्हणून भाडं नाही. वर्षातून एकदा जमीनमालकांना जेवण, नाताळात चीजचा नाहीतर हॅमचा डबा. एवढ्यावर हे सगळं उभं आहे. मोजणीदार म्हणून माझा यावर विश्वास बसायला वेळ लागला.

मी लॅपटॉपवर ट्रेलच्या रेघेखाली आजच्या हद्दी उमटवल्या तेव्हा अडचण दिसली. चाळीस एकरांचा एक तुकडा नुकताच विकला गेला होता. डब्यातली परवानगी जुन्या मालकिणीची, आणि ट्रेल त्या तुकड्याच्या मधोमध तिरका. ती रेघ तुटली की दोन तळ्यांमधला दुवाच संपला. बाईंनी फोन लावला. इलिनॉयहून आलेला नवा मालक म्हणाला, तिथे घर बांधतोय, जमणार नाही. बाई म्हणाल्या, “नाही म्हणा, पण आम्हाला दाखवून म्हणा.” आणि टोपी घातली.

त्याच्या रानात वाद झालाच नाही. बाईंनी विचारलं, घर कुठे? त्याने खुंट्या दाखवल्या. मी जीपीएस रिसीव्हरची काठी रोवून टॅबलेटवर रेघ दाखवली: ट्रेल बरोबर घर आणि विहीर यांच्यामधून जात होता. तो स्वतःच हसायला लागला. कायदा, अपघात, विमा यातलं बाईंनी काहीच काढलं नाही. “पूर्वेची कड कशी आहे?” एवढंच. तो म्हणाला, दलदल.

आजोबा मात्र काठी टेकत ऑल्डरच्या झुडपांत शिरलेसुद्धा. मागे आम्ही तिघं, बुटांत पाणी. थोडं आत गेल्यावर ते थांबले आणि काठीने समोर दाखवलं. मला नुसतं रान दिसत होतं. मग लक्षात आलं, दोन्ही बाजूंना जुनी मेपल आणि मधल्या पट्ट्यात एकाच वयाची बारीक पॉपलची झाडं, सरळ रांगेत. पूर्वी लाकडं ओढून नेण्याचा रस्ता होता तो. पायाखाली जमीन कडक. मी त्या रेषेवरून चालत गेलो, दर काही पावलांवर एक बिंदू घेत. हद्दीपासून ती कुठेच फार आत येत नव्हती. लांबी थोडी वाढली आणि एका ओघळावर छोटा पूल घालावा लागणार होता, बस.

मालकाने स्वयंपाकघराच्या ओट्यावर सही केली, एका वर्षापुरती. अटी दोन: रात्री दहानंतर गाडी नाही, आणि खुणांचे नारिंगी चौकोन झाडांना ठोकायचे नाहीत, खुंटीवर लावायचे. दुसरी अट ऐकून आजोबा खूश झाले. खिळे ठोकणाऱ्यांवर त्यांचा म्हणे पहिल्यापासून राग.

शेडमध्ये परतल्यावर बाईंनी मला प्रत्येक परवानगीची मुदत संपण्याची तारीख नकाशात टाकायला सांगितली. तिथे आजोबा अडले. कितीतरी जणांनी कागद दिलेलाच नव्हता. बापाने हो म्हटलं, पोराने मोडलं नाही. त्यांच्याकडे आता कागद मागायला जाणं म्हणजे शंका घेणं. बाई म्हणाल्या, आपण मेल्यावर हे कोणाला कळणार? दोघांचं चांगलंच जुंपलं. काउंटीच्या नमुन्यात कागदाशिवाय परवानगीची सोयच नव्हती. शेवटी मी शेऱ्याचा एक रकाना वाढवला आणि आजोबा सांगतील तशी नोंद करत गेलो: ‘तोंडी, १९७६. फाटकापाशी.’ काउंटीने तो रकाना अजून तरी खोडलेला नाही.