शुगर ३६ आणि अण्णांचा राग

मी स्टाफ नर्स आहे, मागच्या महिन्यात कॅज्युअल्टीला नाईट होती. पहाटे साडेपाचच्या सुमाराला एका रिटायर्ड मास्तरांना आणलं, मुलाने दोन्ही हात घट्ट धरलेले आणि ते सुनेकडे बघून ओरडतायत, "हिनेच पेन्शनचे पैसे चोरले, हाकला हिला घरातून!" ती बिचारी मागे उभी, गाऊनवर ओढणी टाकून तशीच आलेली, रडून रडून डोळे सुजलेले. मुलगा म्हणाला, सिस्टर महिनाभर असंच चाललंय, पहाटे उठून अण्णा भांडतात, आमची नावं विसरतात, आणि चहा नाश्ता झाला की परत नॉर्मल, म्हातारचळ लागलाय बहुतेक.

नाश्ता झाला की नॉर्मल म्हटल्यावर मी आधी ग्लुकोमीटरच उचलला. बनियन घामाने पिळून काढावा इतका ओला, अंग गार, बोट टोचायला दोघांनी धरावं लागलं. शुगर ३६! सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही सावध होतो, ५४ च्या खाली तर मेंदूचं काम बिघडायला लागतं. कशीबशी शीर मिळाली, डॉक्टर सरांनी २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं पाणी, सोडायला सांगितलं. काही मिनिटांतच आधी मुठी सैल झाल्या, मग नजर स्थिरावली, इकडंतिकडं बघून म्हणाले आपण कुठं आलोय, आणि सुनेला, "अगं तू का रडतीयेस, कुणी काही बोललं का तुला?"

यातलं त्यांना काहीही आठवत नव्हतं, आणि तिला मात्र महिनाभरातला शब्द न शब्द पाठ होता.

नंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, सिस्टर खरं सांगा, मनात असल्याशिवाय असं तोंडात येतं का हो? मी तिला बाकावर बसवून नीट सांगितलं, की मेंदू वजनाला शरीराच्या फक्त २ टक्के पण शरीराची जवळपास २० टक्के ऊर्जा तोच खातो, आणि स्वतःकडे साखरेचा साठा जवळजवळ नाहीच त्याच्याकडे, त्यामुळे रक्तातली साखर उतरली की विचार करणं, स्वतःला आवरणं, नवीन काही लक्षात ठेवणं सगळंच ढेपाळतं, वरून शरीर घाबरून अॅड्रेनलिन सोडतं म्हणजे घाम, थरथर, चिडचिड. त्या वेळचं बोलणं अण्णांचं मत म्हणून धरूच नका ताई. किती पटलं तेव्हा माहीत नाही, पण रडायची थांबली.

कारणही सापडलं. ग्लिमेपिराइडची, म्हणजे डायबेटिसमध्ये शुगर उतरवणारी गोळी वर्षानुवर्षे त्याच डोसमध्ये चालू, क्रिएटिनीन २.१ आलं म्हणजे किडनी कमजोर झालेली, त्यामुळे गोळीचा असर अंगात जास्त वेळ राहतो, आणि भूक नाही म्हणून रात्री नुसतं कपभर दूध पिऊन झोपत होते. पहाटे शुगर पडणारच ना! मला याचंच फार वाईट वाटतं, की वयस्कर माणूस अचानक विचित्र वागला की घरात लगेच डोक्यावर परिणाम झाला म्हणतात, बोट टोचून बघत कुणीच नाही.

या गोळीत शुगर परत पडू शकते म्हणून सरांनी ठेवून घेतलं होतं. आठच्या सुमाराला माझं हँडओव्हर चालू असताना सूनच धावत आली, "सिस्टर, अण्णा परत तुटक बोलायला लागलेत, शुगर बघता का?" बघितली तर ५८. लगेच १० टक्के डेक्स्ट्रोजची ड्रिप लावली, दोन दिवस ठेवलं, गोळी बंद करून दुसरी दिली आणि घरी जाताना मुलाने ग्लुकोमीटर घेतला.