कॉलरवरचं लेबल

क्राइम रिपोर्टर म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, दाऊदला भेटलात का? नाही म्हटलं की बिचाऱ्यांचा चेहराच पडतो. अहो, आमची निम्मी नोकरी पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर नाहीतर शवागाराबाहेर गेलीय.

12 मार्च 1993, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास मुंबईच्या शेअर बाजारात धमाका झाला तेव्हा मी क्रॉफर्ड मार्केटजवळ पोलीस मुख्यालयात होतो. आधी वाटलं बॉयलर वगैरे फुटला असेल, पण मग काथा बाजार, सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप, एअर इंडिया, सेंच्युरी बाजार अशी एकेक नावं यायला लागली आणि कंट्रोल रूमवालेच आम्हाला विचारायला लागले, तुम्हाला काय कळलंय. मोबाइल नव्हतेच तेव्हा, पीसीओला ही भली मोठी रांग. बाकीचे स्पॉटवर पळाले, मी केईएम गाठलं, कारण मेलेल्यांचा आकडा स्पॉटवर जो तो वेगळाच सांगतो, खरा मिळतो तो कॅज्युअल्टीजवळच्या पोलीस चौकीत, हवालदाराच्या रजिस्टरात.

हवालदार ओळखीचे होते. रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, बघा तुम्हीच. ओळीच्या ओळी 'अनोळखी पुरुष, वय अंदाजे 35'. चेहरे ओळखण्यासारखे राहिलेच नव्हते, म्हणून पुढे खुणा लिहिलेल्या, धोब्याची मार्क, खिशातलं लोकलचं तिकीट कुठून कुठपर्यंतचं, कॉलरवर टेलरचं लेबल. मी आकडा घ्यायला गेलो होतो, पण त्या खुणाच उतरवत बसलो, बाहेर नातेवाइकांचा नुसता आक्रोश चालू होता.

ऑफिसला आलो तर न्यूज एडिटरना मास्टरमाइंड हवा होता. म्हटलं तो मलाही हवाय, पण आज हे छापा. बरीच कुरकुर करून आतल्या पानावर एक कॉलम दिला.

दुसऱ्या दिवशी एक टेलर मापाची वही घेऊन थेट ऑफिसलाच आला. लेबल त्याच्या दुकानाचं होतं. म्हणाला, साहेब, गिऱ्हाइकाचा नंबर मी लेबलाच्या मागे घालतो, मला शर्ट दाखवा. त्याला घेऊन चौकीत गेलो. हवालदारांनी शर्ट उलटा केला तर आत लाल दोऱ्यात नंबर. टेलरने वही उघडली, त्या नंबरासमोर नाव, पत्ता, छाती, बाही सगळं लिहिलेलं. घरचे आदल्या दुपारपासून जेजे आणि नायरच्या चकरा मारत होते.

पुढे सरकारी आकडा 257 मृत आणि 713 जखमी असा झाला.

न्यूज एडिटरनी त्या रात्री न मागता तीन कॉलम दिले. मास्टरमाइंड मात्र दुसऱ्या रिपोर्टरकडे गेला. वरळीला सोडून दिलेल्या मारुती व्हॅनवरून पोलीस स्फोटांतला मुख्य आरोपी टायगर मेमनच्या कुटुंबापर्यंत पोचले, ती बातमी त्यानेच केली आणि तुफान गाजली.