पाठीवरचं बिऱ्हाड

अमेरिकेतल्या अपालाचियन ट्रेलवर, म्हणजे डोंगरांतून जाणाऱ्या लांबच लांब पायवाटेवर, जाऊन आले असं म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, अस्वल दिसलं का? दिसलं, एकदा, लांबून, आणि ते पाठमोरं निघून चाललं होतं, त्याला आमच्यात काडीचाही इंटरेस्ट नव्हता. उंदरांबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं जे काही आहे ते उंदीर, मोजे आणि पाणी एवढंच आहे.

आधीच सांगून टाकते, मी पूर्ण ट्रेल केलेला नाही. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरापर्यंत तो साधारण ३,५०० किलोमीटर आहे, १४ राज्यं, बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात. मला हातापाया पडून सहा-सात आठवड्यांची रजा मिळाली आणि तेवढ्यात मी स्प्रिंगरपासून व्हर्जिनियातल्या डमास्कसपर्यंत पोचले, म्हणजे साडेसातशेच्या आसपास. त्यात पुन्हा हौस म्हणून अमिकालोला धबधब्यापासून चढायला सुरुवात केली, तिथे आधी ६०४ पायऱ्या आणि एकूण १४ किलोमीटर, आणि स्प्रिंगरला पोचल्यावर कळतं की हे १४ किलोमीटर ट्रेलमध्ये धरतच नाहीत. म्हणजे पाय दुखायला लागले तेव्हा मी ट्रेलवर आलेसुद्धा नव्हते!

तिथला दिवस सुरू होतो मोज्यांनी. रात्री झोपायला एक कोरडा जोड असतो, तो काहीही झालं तरी चालायला वापरायचा नाही, हा नियम मी दुसऱ्याच दिवशी मोडला आणि त्या रात्री त्याची शिक्षा पण भोगली. त्यामुळे सकाळी उबदार मोजे काढायचे आणि कालचे ओले, मार्च एंडच्या थंडीत लाकडासारखे कडक झालेले मोजे पायात चढवायचे. याला काही युक्ती नाही, मी सगळ्या करून पाहिल्या. दात-ओठ खाऊन घालायचे आणि चालायला लागायचं, दहा मिनिटांत पाय गरम होतात.

पण चालायला लागायच्या आधी बॅग भरायची असते. स्लीपिंग बॅग तळाला, मग कपडे, मग जेवणाची पिशवी, तंबू, रेनकोट सगळ्यात वर कारण तो कधी लागेल सांगता येत नाही, आणि रोज सकाळी हे सगळं आत घातल्यावर कळतं की टॉयलेट पेपर तळाला गेलाय. मुक्कामाला जागोजागी शेल्टर असतात, तीन भिंती, वर छप्पर, समोरची बाजू उघडी, आत लाकडी फळ्यांवर सगळे ओळीने झोपलेले, आणि पहाटे साडेपाचला कोणीतरी एक महाभाग प्लास्टिकच्या पिशव्यांचा खडखडाट सुरू करतो. पहिले आठ दिवस मी मनातल्या मनात त्याचा उद्धार करायचे. नंतर तो महाभाग मीच झाले होते.

पाण्याचं तर विचारूच नका. एक लिटर म्हणजे पाठीवर एक किलो, त्यामुळे पुढचा झरा किती लांब आहे आणि तो आटलेला तर नाही ना, हाच दिवसभराचा हिशोब. झऱ्यावर बसून मळकी पिशवी दाबत फिल्टरमधून पाणी गाळायचं, बोटं बधिर होतात. आणि हा एवढासा फिल्टर एकदा ओला झाला की पुढे गोठू द्यायचा नसतो, आतल्या बारीक नळ्या फुटतात आणि फुटल्यात हे बाहेरून कळत पण नाही. म्हणून लोक रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात. मीही झोपायचे, फोन एका बाजूला आणि फिल्टर पोटाशी.

हात धुवायला सॅनिटायझर पुरेल असं मला वाटायचं, पण नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, त्याला फारसा जुमानत नाही, साबण-पाणीच लागतं, तेही झऱ्यापासून लांब जाऊन. तिथे म्हणूनच हस्तांदोलन कोणी फारसं करत नाही, मुठीवर मूठ टेकवतात.

जाण्याआधी मला वाटत होतं की एवढं चालताना डोकं शांत होईल, आयुष्याबद्दल काहीतरी सुचेल, नोकरीचं काय करायचं ते ठरेल. एका दुपारी मी सलग दीड तास फक्त हा विचार करत होते की चीजचा उरलेला तुकडा आज संपवावा की उद्याला ठेवावा. गंमत नाही करत, दीड तास. झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्या बघत चालायचं, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच, एकावर एक दोन दिसल्या की वळण आलं म्हणून सावध व्हायचं, आणि डोक्यात चीज. (तो आजच संपवला.) चौथ्या आठवड्यापासून तर भूक अशी लागायला लागली की टॉर्टियावर (मेक्सिकन पोळीच ती) पीनट बटर, त्यावर कुस्करलेले चिप्स, हे मला उत्तम जेवण वाटायचं. पीनट बटर १०० ग्रॅमला ६०० कॅलरीच्या आसपास देतं आणि टॉर्टिया बॅगेत चेंगरत नाही, बास, तिथे पदार्थाला अजून काय गुण लागतात?

वजनावरून मात्र लोक फार डोकं खातात. टूथब्रशचा दांडा कापून येणारे मी डोळ्यांनी पाहिलेत, तेच लोक पुढच्या गावात दोन किलोचं आईस्क्रीम खातात. मी दांडा कापला नव्हता, आणि सातव्या दिवशी माझा चमचा मोडला तेव्हा त्याच अख्ख्या दांड्याने मी नूडल्स खाल्ल्या. त्या शेल्टरमध्ये तेव्हा आठ जण होते, त्यामुळे पुढे डमास्कसपर्यंत माझं नाव टूथब्रश. ट्रेलवर खरं नाव कोणी विचारत नाही, कोणीतरी एक नाव ठेवतं आणि ते चिकटतं. वजनाचा विषय निघाला की मला एमा गेटवूड आजी आठवते, १९५५ साली ६७व्या वर्षी एकटीने हा सगळा ट्रेल चालली, अकरा मुलांची आई, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी शॉवरचा पडदा. घरी म्हणे सांगितलं होतं की जरा फिरून येते.

आणि आता उंदीर. शेल्टरमध्ये छताच्या वाशाला दोऱ्या लटकत असतात, प्रत्येक दोरीत एक रिकामा डबा उलटा ओवलेला आणि खाली अडकवायला काडी. पहिल्या रात्री मला ते काय प्रकरण आहे कळलंच नाही. बॅग त्या काडीला अडकवायची, उंदीर दोरीवरून खाली आला की डब्यावर घसरतो. अस्वलांपासून वाचवायला जेवण लांब झाडावर टांगायचं ते वेगळं, पण खिशात चुकून राहिलेल्या शेंगदाण्यासाठी उंदीर नवी कोरी बॅग कुरतडतो, माझी कुरतडली, कमरेचा खिसा, दोन शेंगदाण्यांसाठी. रात्री नऊ म्हणजे ट्रेलवरची मध्यरात्र, सगळे चिडीचूप, आणि मग वरून डब्याचा टणकन आवाज येतो आणि अंधारात कोणीतरी हसतं.

डमास्कसला पोचले तेव्हा मे उजाडला होता. एका हॉस्टेलमध्ये बेड मिळाला, खरी गादी, दार, दाराला कडी. आंघोळ केली, दुकानातून ब्रेड आणि केळी आणली, आणि झोपायच्या आधी ती पिशवी हँगरला बांधून हँगर पडद्याच्या दांडीला अडकवला. पूर्ण अडकवून झाल्यावर लक्षात आलं की आपण काय करतोय. बाजूच्या बेडवरची मुलगी बघत होती, मला वाटलं आता हसणार. ती म्हणाली, तुला अजून एक हँगर मिळेल का?