बत्तीस पानांत मावलेली गोष्ट

मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायचं म्हणजे थोडंसंच लिहायचं, असं पुष्कळांना वाटतं. माझी गोष्ट वर्सोवा कोळीवाड्यातल्या एका मुलीची आणि तिच्या आजीची. लिहून झाली तेव्हा चांगली लांबलचक होती. चित्रकार मैत्रिणीने आधी पानं मोजायला लावली. छापखान्यात सोळा पानांचा एक फॉर्म, दोन फॉर्मची बत्तीस पानं. त्यातून शीर्षक, श्रेय वगैरे वजा जाता गोष्टीला तेरा-चौदा जोडपानंच, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्याच, उरतात.

मग काटछाट सुरू झाली. ‘वारा सुटला आणि बांबूवरचे बोंबील हलू लागले’ हे माझं फार लाडकं वाक्य. तिने वाऱ्याने तिरके झालेले बोंबील असे काही काढले, की वाक्याला कामच उरलं नाही. ते गेलं. जे चित्रात दिसतं ते शब्दांत नको, हे माझ्या हाताला तिथे कळलं.

झेरॉक्सची डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची प्रत, घेऊन मी दादरच्या एका शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना वाचून दाखवायला जायचे. मुलं फार प्रामाणिक. कंटाळा आला की माझं वाक्य संपायच्या आत त्यांचा हात पानाच्या कोपऱ्यावर. मी पेन्सिलीने तिथेच खूण करायचे आणि घरी येऊन वाक्य तिथे संपवायचे. आजी कुठे गेली, हा प्रश्न उजव्या पानावर आणला, उत्तर पान उलटल्यावर. पुढच्या वाचनाला सगळा वर्ग पुढे सरकला!

प्रकाशक मीच होते, म्हणून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तोही मीच घेतला. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो. मैत्रिणीशी मात्र लेखी करार केलाच. हक्क देताना मुदत लिहिली नाही, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरतात. आम्ही मुदत लिहिली, रॉयल्टी निम्मी-निम्मी ठरवली आणि मुखपृष्ठावर दोघींची नावं सारख्याच टायपात घेतली. चित्रपुस्तकात चित्रकाराचं नाव आत कुठेतरी बारीक छापतात, ते मला कधीच पटलेलं नाही.

लोअर परळच्या छापखान्यात पहिल्या प्रुफात, म्हणजे छपाईच्या नमुन्यात, बोंबलांचा गुलाबी रंग नारिंगी आला. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा, कागदावरचा चार शायांचा, तेव्हा फरक पडणारच. प्रूफ खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं आणि मशीनवाल्या काकांनी पिवळी शाई कमी केली.

पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत द्यावी लागते. हा कायदा १९५४चा. त्या तिनांपैकी एक आपल्या फोर्टच्या टाउन हॉलमधलं. तिथली प्रत मी स्वतः नेऊन दिली.

आता शाळांच्या वाचनालयांना प्रती देतेय. बाईंना एकच विनंती करते: कपाटाला कुलूप लावू नका, मुलांना हाताळू द्या. फाटलं तर मी दुसरी प्रत देईन.