अलंगच्या खाड्यात जाम झालेले इंजिन

भावनगर ते ट्रापज हा रस्ता मी झोपेत काढला, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. ट्रापजच्या फाट्यावरून अलंगकडे वळल्यावर मात्र दुतर्फा खाडे, म्हणजे जहाजांच्या जुन्या सामानाची उघडी दुकाने, सुरू होतात आणि मोडलेल्या जहाजांतून निघालेले पलंग, फ्रीज, कपबश्या, दोरखंड, केशरी लाइफबोटी असे सगळे काही उन्हात रचून ठेवलेले दिसते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक 10 मीटरच्या आसपास असतो. उधाणाच्या भरतीला जहाज थेट किनाऱ्यावर चढवायचे आणि ओहोटीला तोडायला घ्यायचे, हा उद्योग येथे 1983 पासून चालला आहे. तोडणीच्या प्लॉटमध्ये परवानगीशिवाय जाता येत नाही आणि आम्हाला जायचेही नव्हते. आम्हाला एक इंजेक्शन पंप, म्हणजे इंजिनात डिझेल दाबाने सोडणारा पंप, हवा होता.

तो हवा होता माझ्या मावसभावाच्या रत्नागिरीतील होडीसाठी. तिच्यावर बुख डीव्ही 24 हे डॅनिश बनावटीचे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे आणि तेही मूळचे एका लाइफबोटीतलेच. अशा इंजिनांचे नशीब विचित्र असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे लाइफबोटीचे इंजिन उणे 15 अंश तापमानातही 2 मिनिटांच्या आत सुरू व्हावे लागते आणि आठवड्यातून एकदा किमान 3 मिनिटे चालवून पाहावे लागते. एवढेच चालवले, तर 25 वर्षांत त्याचे अवघे 65 तास भरतात. त्यामुळे आतले भाग झिजलेले नसतात; पण जहाज भंगारात निघाले की ही तीन मिनिटेही बंद होतात, खारी हवा एक्झॉस्टवाटे आत शिरते, पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरतात आणि जुने डिझेल पंपाच्या प्लंजरमध्ये, म्हणजे आतल्या दट्ट्यात, चिकटून बसते. ही इंजिने चालून मरत नाहीत, उभी राहून मरतात.

आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रीकाकांनी दुपारपर्यंत कितीतरी खाडे पालथे घातले. नुसता पंप काढून द्यायला कोणीही तयार नव्हते, कारण पंप गेला की उरलेल्या इंजिनाला गिऱ्हाईक मिळत नाही. अखेर एका खाड्यात हवे तेच मॉडेल सापडले, पण पूर्ण जाम. मालकाने ते आधीच भंगारात धरले होते आणि किलोवर भाव सांगितला. चहा मात्र त्याने न मागता पाजला, पंखा आमच्याकडे वळवला, नटबोल्ट खोलायचे पाने आणि डिझेलही दिले. बाजारात इतका मोकळेपणा मला क्वचितच भेटला आहे.

मी इंजिन हाताने फिरवायच्या हँडलला हात घालताच मिस्त्रीकाका म्हणाले, “जोर करू नको. जोराने रिंग मोडते, इंजिन सुटत नाही.” त्यांनी सिलिंडरात डिझेल फवारणारे इंजेक्टर काढले, त्या भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण दोन्ही सिलिंडरांत ओतले, मालकाकडे रात्रीची मुदत मागितली आणि आम्ही भावनगरला परतलो. तेथील लॉजविषयी बोलण्यात अर्थ नाही.

सकाळी त्यांनी फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, पहार लावून आधी एका बाजूला केसभर, मग दुसऱ्या बाजूला केसभर असा रेटा दिला. हे अर्धा तास चालले असेल. मग फ्लायव्हील बोटभर सरकले, नंतर हातभर, आणि शेवटी पूर्ण फिरले. सिलिंडरांतले तेल बाहेर फेकले गेल्यावर त्यांनी इंजेक्टर परत बसवले, सिलिंडरातला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवले आणि खटका पाडला. हँडल दाबाला अडून जागच्या जागी थांबले, म्हणजे सिलिंडर दाब धरत होते. काका प्रथमच हसले. पंपाचे प्लंजरही मोकळे निघाले.

मागे उभा असलेला मालकही हसला, आणि त्याने भाव दुप्पट केला. काल ते लोखंड होते, आज ते इंजिन आहे, असे त्याचे सरळ म्हणणे होते. मला भयंकर राग आला. भाव वाढला होता तो आमच्याच मिस्त्रीच्या मेहनतीमुळे, आणि ती मेहनत आम्हालाच विकत घ्यावी लागत होती. कालच्या चहाची चवही मला आता संशयास्पद वाटू लागली. पण काकांना त्यात काही वावगे दिसले नाही. बंद इंजिन आणि फिरते इंजिन यांची किंमत सारखी असेल तर मिस्त्रीने जगायचे कशावर, असे त्यांनी मलाच सुनावले.

बऱ्याच घासाघिशीनंतर कालच्या आणि आजच्या किमतीच्या मध्ये कुठेतरी सौदा झाला. हँडलचे पैसे वेगळे पडतील, असे मालक सांगायला आला, तेव्हा मिस्त्रीकाका ते टेम्पोत टाकून त्यावर बसलेले होते.