आईचा अंबाडा आणि व्हीआर

आईला व्हीआरचा (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आपण दुसरीकडेच आहोत असं भासवणारं चित्र डोळ्यांपुढे उभं करणारा) हेडसेट घालायला त्या दिवशी दहा मिनिटं गेली. मागचा पट्टा नेमका अंबाड्यावर यायचा. वर सरकवला की हेडसेट नाकावर घसरायचा, खाली ओढला की अंबाडा सुटायचा. त्यात तिचा चष्मा. शेवटी मी दोन्ही हातांनी हेडसेट तसाच धरून उभी राहिले आणि तिने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातला ३६० अंशांचा व्हिडिओ पाहिला.

आईने तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. मोसंबं आणि बॅटरी घेऊन ती दिवस-रात्र समजावून सांगायची. पृथ्वी खाली सरकताना दिसली तशी ती बोलायचीच थांबली. मग हळूच म्हणाली, "दीड तासात एक फेरी ना गं? म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय." आकडा तिला पाठच होता. पण तो म्हणताना तिची मान पृथ्वीमागून वळत होती, आणि तिच्याबरोबर माझे हातही.

व्हीआर घरोघरी कधी पोचणार म्हटलं की लोक किमतीवर येतात. मला ते पटत नाही. गूगलने २०१४ मध्ये कार्डबोर्ड आणला. पुठ्ठ्याची खोकी, दोन भिंगं, आत आपलाच फोन. याहून स्वस्त काय असणार? तरी २०२१ मध्ये गूगलने त्याची विक्री थांबवली. दुसऱ्या टोकाला ॲपलचा २०२४ चा व्हिजन प्रो हेडसेट, ३,४९९ डॉलरचा. त्याची बॅटरी वेगळी, तरी डोक्यावर किमान ६०० ग्रॅम. मेटाचा क्वेस्ट ३ सुद्धा ५१५ ग्रॅमचा. अर्धा किलो वजन कपाळावर घेऊन कोण किती वेळ बसेल?

माझा हेडसेट मध्ये दोन महिने कपाटात होता. उभं राहून खेळायचं तर साधारण साडेसहा बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. आमच्या ठाण्याच्या वन बीएचकेत त्यासाठी टीपॉय गॅलरीत न्यावा लागतो आणि दिवाण भिंतीला लावावा लागतो. त्याआधी चार्जिंग, मग अपडेट. एवढं होईपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होतात आणि हौस जिरते.

शिवाय मळमळ. घाटात एसटी लागते त्याच्या बरोब्बर उलटं होतं हे. तिथे कानाच्या आतल्या भागाला वळणं जाणवतात आणि नजर समोरच्या सीटवर खिळलेली असते. इथे डोळे म्हणतात चाललोय, कान म्हणतो जागेवरच आहोत. एका जागी बसून नुसतं बघायचं असेल तर मला हा त्रास होत नाही. आईलाही झाला नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं, खेळांच्या आधी हे बसून बघणं घरात शिरेल. पण त्यासाठी यंत्र हलकं हवं, चष्म्यावर, अंबाड्यावर बसणारं हवं, आणि घालणारा बाकीच्यांपासून तुटायला नको. मी आता चित्र टीव्हीवर कास्ट करते. आई काय बघतेय ते आम्हाला दिसतं, मग आम्ही विचारतो, ती सांगते. कॅमेरा आणि स्पीकर असलेले स्मार्ट चष्मे आता लोक सहज घालतात. तो हलकेपणा मला हवाय, पण नुसत्या कॅमेऱ्याच्या चष्म्यात पृथ्वी अशी समोर येत नाही.

रविवारी मावशी येणार होती. आईने सकाळीच अंबाडा सोडून वेणी घातली आणि मला हाक मारली, "ते चार्जिंगला लाव गं, ताईला दाखवायचंय."